रिकाम्या जागेचें व्याकरण

ज्या वस्तूला नांव आहे तिच्याविषयीं बोलणें सोपें. परंतु जी वस्तु अद्याप हातीं आलेली नाहीं, किंवा जिच्या जागीं पुढें कोणतीहि वस्तु येऊन बसावयाची आहे, तिच्याविषयीं नेमकेपणानें बोलावें कसें, हा प्रश्न मनुष्याला फार जुन्या काळापासून पडलेला आहे. व्यवहारांत आपण तो दोन रीतींनीं सोडवितों. छापील करारपत्रांत एक जागा कोरी सोडितों, आणि ती पुढें कोणी तरी भरील अशी अपेक्षा ठेवितों. अथवा 'अमका', 'तमका', 'जो', 'तो' यांसारखे शब्द योजून त्या अनुपस्थित वस्तूला तात्पुरतें नांव देतों. पहिल्या रीतींत श्रम कमी. दुसरींत निश्चितता अधिक. गणित, तर्कशास्त्र आणि गेल्या सत्तर वर्षांत पुढें आलेलें संगणकशास्त्र, या तीनहि शास्त्रांनीं या दोन रीतींमध्यें पुनः पुनः ये-जा केलेली आहे. त्या ये-जेचा इतिहास थोडक्यांत सांगावा, आणि रिकाम्या जागेचें सामर्थ्य कोठवर पुरतें याचा त्यावरून कांहीं निर्णय करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विषयाचें आधुनिक रूप प्रथम सांगतों. संगणकाला कामें सांगण्यासाठीं ज्या कृत्रिम भाषा रचण्यांत आल्या आहेत, त्यांपैकीं कांहींना 'फंक्शनल', म्हणजे फलनप्रधान, भाषा म्हणतात. फलन म्हणजे एक नियम: त्याला एक राशि द्या, तो तिच्यापासून दुसरी राशि काढून देईल. 'दिलेल्या संख्येंत एक मिळव' हें एक फलन होय. त्यास 'एकाधिक' असें एखादें कायमचें नांव देतां येईल. परंतु ज्या नियमाचें काम एकदांच पडावयाचें, त्याचें बारसें कशाला करावें? दहा संख्यांच्या यादींतील प्रत्येक संख्येंत एक मिळवावयाचा असेल, तर तो नियम जागच्या जागीं लिहून मोकळें व्हावें, हेंच सोयीचें. असा निनांवी नियम म्हणजे अनामिक फलन. मात्र फलनाला नांव नसलें, तरी त्याला मिळणाऱ्या राशीचा उल्लेख नियमाच्या पोटांत कसा तरी करावाच लागतो. तो 'क्ष घे आणि क्ष + १ दे' असा नांवानें करितां येतो. किंवा क्ष अजीबात गाळून '_ + १' अशी नुसती रेघ ओढूनहि करितां येतो. ही रेघ म्हणजेच आपली रिकामी जागा. दिसावयास ती निरुपद्रवी आहे. परंतु तिच्या वर्तनाचे नियम पाहूं लागलें, म्हणजे कित्येक शतकांपूर्वीं आपल्याच देशांत भूर्जपत्रावर उमटलेल्या एका अडचणीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

१८८१ सालीं पेशावरच्या बाजूस बख्शाली नांवाच्या गांवीं जमीन खणतांना गणिताचें एक जुनें हस्तलिखित सांपडलें. त्याचीं सुमारें सत्तर पानें हल्लीं ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयांत आहेत. त्याच्या काळाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. २०१७ सालीं जाहीर झालेल्या कार्बन-परीक्षणांत निरनिराळ्या पानांचे काल निरनिराळ्या शतकांतले निघाले, आणि त्यामुळें वाद मिटण्याऐवजीं वाढलाच. पण आपल्या प्रश्नापुरता काळाचा निर्णय आवश्यक नाहीं. या हस्तलिखितांत शून्यासाठीं एक ठिपका आहे. आणि जी राशि शोधून काढावयाची आहे, तिच्या जागींहि तोच ठिपका आहे. शून्य या शब्दाचा मूळ अर्थच मुळीं रिकामें असा आहे. म्हणून हा ठिपका अज्ञाताचें नांव नसून 'येथें जागा रिकामी आहे' एवढेंच तो सांगतो. त्या जागीं प्रथम एखादी इष्ट राशि मांडावी, आणि तिजवरून खरें उत्तर काढावें, अशी इष्टकर्माची रीतहि या ग्रंथांत आहे.

आतां अडचण पहा. एका उदाहरणांत अशी राशि विचारली आहे कीं, तींत पांच मिळविले असतां वर्ग व्हावा आणि तींतून सात वजा केले असतांहि वर्गच व्हावा. उत्तर ११; कारण ११ + ५ = १६ आणि ११ – ७ = ४. हें उदाहरण मांडतांना चार जागीं ठिपका येतो: मूळ राशीच्या जागीं, पहिल्या वर्गमूळाच्या जागीं, पुनः मूळ राशीच्या जागीं, आणि दुसऱ्या वर्गमूळाच्या जागीं. यांपैकीं पहिला आणि तिसरा ठिपका एकाच राशीचे. दुसरा आणि चौथा मात्र परस्परांहून भिन्न, आणि मूळ राशीहूनहि भिन्न. चारहि ठिपके दिसावयास सारखे! कोणता कोणाशीं सम आहे हें मांडणींत कोठेंच लिहिलेलें नाहीं. तें वाचणारानें उदाहरणाच्या शब्दांवरून ओळखावयाचें. विभूतिभूषण दत्त आणि अवधेश नारायण सिंह यांनीं आपल्या हिंदु गणिताच्या इतिहासाच्या १९३८ सालीं निघालेल्या दुसऱ्या भागांत या संदिग्धतेची चर्चा केलेली आहे.

या रोगावर औषधहि आपल्या गणितज्ञांनींच शोधिलें. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें रचलेल्या ग्रंथांत अव्यक्त राशींना 'वर्ण', म्हणजे रंग, म्हटलें. भास्कराचार्यांच्या बीजगणितांत, म्हणजे बाराव्या शतकाच्या मध्यास, ही पद्धति पूर्ण रूपास आलेली दिसते. पहिली अव्यक्त राशि 'यावत्तावत्', पुढच्या 'कालक', 'नीलक', 'पीतक', 'लोहितक'. आणि लिहितांना त्यांचीं आद्याक्षरें या, का, नी, पी, लो. एका मनुष्याजवळ ६ घोडे व रोख ३००, दुसऱ्याजवळ १० घोडे व १०० चें ऋण, आणि दोघांची मालमत्ता सारखी. तर घोड्याची किंमत काय? भास्कराचार्य एका ओळींत 'या ६ रू ३००' आणि तिच्याखालीं 'या १० रू १००' असें मांडतात, व ऋण दाखविण्यासाठीं शंभरावर ठिपका देतात. उत्तर १००. दोन्हीं ओळींत 'या' हेंच अक्षर आहे, यावरून दोन्हींकडील घोड्यांची किंमत एकच हें वाचकास विचार न करितां कळतें. ठिपक्याला जें सांगतां येत नव्हतें, तें एका अक्षरानें सांगितलें. आणखी एक गंमत अशी कीं, 'यावत्तावत्' याचा अर्थच 'जितकें तितकें' असा आहे. जितकें हा शब्द राशि पुढें आणितो, आणि तितकें हा शब्द तिचाच पुनः निर्देश करितो. ही जोडी पुढें आपल्याला उपयोगीं पडणार आहे.

रिकाम्या जागेला, याप्रमाणें, एक प्रश्न विचारावा लागतो: तूं कोणाशीं सम आहेस? यास आपण अभेदाचा प्रश्न म्हणूं. आपल्याकडील दस्तऐवज लिहिणाऱ्यांस तो चांगला ठाऊक होता. खरेदीखतांत दोन पक्षांच्या नांवांसाठीं जागोजाग कोऱ्या रेघा ओढल्या, तर कोणीं कोणास काय दिलें याचा घोटाळा होईल. म्हणून तेथें एकदां नांवें घालून पुढें 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' अशीं दोन स्थिर पदें योजितात. दस्त कितीहि लांबला, तरी देणाराचा घेणार होत नाहीं. परंतु रिकाम्या जागेला विचारावयाचा दुसराहि एक प्रश्न आहे, आणि तो बीजगणितांत फारसा उद्भवत नसल्यामुळें त्याकडे पुष्कळ काळ कोणाचें लक्ष गेलें नाहीं. तो प्रश्न व्याप्तीचा: तुझें राज्य कोठें सुरू होतें आणि कोठें संपतें? हा प्रश्न समजण्यासाठीं आपल्याला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटास जर्मनींत जावें लागेल.

युरोपांत १६३७ सालीं देकार्तनें अज्ञात राशींसाठीं वर्णमालेंतील शेवटचीं अक्षरें रूढ केलीं. आपल्या शाळांतील 'क्ष' हा त्याच परंपरेचा मराठी अवतार. परंतु 'क्ष + १' असें लिहिलें, तर ती एक संख्या झाली कीं एक नियम झाला? क्ष ची किंमत ठरलेली असेल तर संख्या. ठरलेली नसेल तर नियम. एकच लेखन दोन भिन्न वस्तूंचें नांव होऊन बसलें होतें. येना येथील गणिताचे अध्यापक गोट्लोब फ्रेगे यांनीं १८९१ सालच्या 'फलन आणि संकल्पना' या व्याख्यानांत या गोंधळाचें मूळ उघडें केलें. दोन गुणिलें एकाचा घन अधिक एक; दोन गुणिलें चाराचा घन अधिक चार; दोन गुणिलें पांचाचा घन अधिक पांच. यांच्या किंमती अनुक्रमें ३, १३२ व २५५. या तिहींत जें समान आहे, तेंच फलन. आणि तें समान अंग दाखविण्यासाठीं फ्रेगे यांनीं अक्षर काढून टाकून '२·( )³ + ( )' अशा रिकाम्या कंसांचा उपयोग केला. त्यांचें म्हणणें असें कीं, फलन हें स्वभावतःच अपूर्ण असतें. रसायनशास्त्रांतील शब्द घेऊन ते त्यास असंपृक्त म्हणतात. राशि येऊन त्या जागेंत बसली म्हणजे तें पूर्ण होतें.

पण वरच्या लेखनांत रिकाम्या जागा दोन आहेत. दोन्हींत एकच राशि घालावयाची, हें कंसांवरून कसें कळावें? बख्शालीचा ठिपका येथें पुनः पुढें उभा राहतो. १८९३ सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथांत फ्रेगे यांनीं कंसाच्या जागीं 'क्साय' हें ग्रीक अक्षर योजिलें, आणि या अक्षरानें दाखविलेल्या सर्व जागा एकाच राशीनें भरावयाच्या असा निर्बंध घातला. दुसरी स्वतंत्र जागा हवी असेल तेथें 'झीटा' हें दुसरें अक्षर घेतलें. शून्याच्या ठिपक्यापासून वर्णांपर्यंतचा प्रवास फ्रेगे यांनीं, तो मार्ग कोणीं पूर्वीं तुडविला होता याची वार्ता नसतांना, दोन वर्षांत पुरा केला असें म्हणावयास हरकत नाहीं.

व्याप्तीचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. व्हाइटहेड आणि रसेल यांच्या १९१० पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' ग्रंथांत निराळी युक्ति आहे. 'क्ष जखमी आहे' या वाक्यांत क्ष च्या डोक्यावर एक लहानशी टोपी चढवावी, म्हणजे तें वाक्य कोणा एकाविषयींचें विधान न राहतां, ज्याच्या त्याच्याविषयीं विधान करणारें फलन होतें. युक्ति सुटसुटीत खरी. पण टोपी वाक्याच्या मध्यभागीं असते, आणि फलन कोठून कोठवर पसरलें आहे हें तिला सांगतां येत नाहीं. 'देवदत्त म्हणतो कीं क्ष जखमी आहे' या वाक्यांतील क्ष ला टोपी घातली तर काय समजावयाचें? ज्याच्याविषयीं देवदत्त तसें म्हणतो त्याचें हें फलन, कीं देवदत्ताच्या तोंडीं घातलेलें तें पहिलेंच लहान फलन? टोपी दोन्हीं ठिकाणीं एकसारखीच बसते.

या प्रश्नाचें पुरतें उत्तर अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनीं १९३२ सालीं दिलें. त्यांनीं चिन्ह अक्षराच्या डोक्यावरून काढून फलनाच्या दाराशीं आणिलें. 'लॅम्डा क्ष: क्ष + १' असें लिहिलें म्हणजे प्रथम घोषणा होते कीं, येथें एक फलन सुरू होत आहे, त्यास मिळणाऱ्या राशीचें या फलनापुरतें नांव क्ष, आणि त्यापुढें कंसाच्या हद्दीपर्यंत त्या नांवाची व्याप्ति. अभेद आणि व्याप्ति या दोन्हीं प्रश्नांचीं उत्तरें एकाच लेखनांत मिळालीं. या चिन्हाच्या जन्माविषयीं दोन हकीकती आहेत, आणि दोन्हीं स्वतः चर्च यांच्याच. १९६४ सालच्या एका पत्रांत त्यांनीं लिहिलें कीं, प्रिन्सिपियांतील टोपी अक्षरावरून उतरवून बाजूस ठेविली, आणि छपाईच्या सोयीसाठीं तिचा पुढें लॅम्डा झाला. उतारवयांत मात्र त्यांनीं विचारणारांस सांगितलें कीं, एक चिन्ह हवें होतें आणि लॅम्डा सहज निवडला गेला. पहिली हकीकत खरी असल्यास, रिकाम्या जागेवरची टोपीच घोषणेचें निशाण झाली असें होतें.

नांवांचेहि कांहीं दोष आहेत, हें येथेंच सांगितलें पाहिजे. एकाच वाड्यांत दोन गोविंदराव राहत असले म्हणजे पत्रें भलत्याच्या हातीं पडतात. 'लॅम्डा य: क्ष + य' या फलनांत बाहेरून आलेल्या क्ष च्या जागीं बाहेरचाच दुसरा य घालावा लागला, तर 'लॅम्डा य: य + य' असें होऊन बाहेरचा य आंतल्या य च्या तावडींत सांपडतो, आणि बेरजेच्या जागीं दुप्पट येते. हें टाळण्यासाठीं आंतल्या नांवाचें वेळोवेळीं नामांतर करावें लागतें. म्हणून नांवाचें बंधनच नको असें म्हणणारेहि निघाले. चर्च यांच्याहि पूर्वीं, १९२० सालच्या डिसेंबरांत, मोझेस शॉन्फिंकेल यांनीं गटिंगेन येथील व्याख्यानांत दाखविलें कीं, ठराविक दोनतीन मूळ फलनें परस्परांस जोडीत गेल्यास अक्षर व रिकामी जागा या दोहोंवांचून सर्व काम चालवितां येतें; हें व्याख्यान १९२४ सालीं छापून निघालें, आणि हॅस्केल करी यांनीं तोच विचार पुढें वाढविला. परंतु अशा लेखनांत साधा नियमहि लांबच लांब होतो, आणि वाचणाराला त्यांतून अर्थ काढणें दुरापास्त होतें.

१९७२ सालीं हॉलंडमधील गणितज्ञ द ब्रॉयन यांनीं तिसरा मार्ग सुचविला: नांवाच्या जागीं आंकडा लिहावा, आणि आपण उभे आहों तेथून किती लॅम्डा ओलांडून बाहेर गेलें म्हणजे आपला धनी भेटतो, तें त्या आंकड्यानें सांगावें. श्राद्धांत पिता, पितामह, प्रपितामह असा उच्चार होतो, त्यासारखाच हा प्रकार आहे. या पद्धतींत दोन गोविंदरावांचा घोटाळा होत नाहीं. पण एकच पुरुष मुलाचा पिता आणि नातवाचा पितामह असतो, त्याप्रमाणें एकाच राशीला आंत शिरावें तसतसा निराळा आंकडा येतो. यंत्राला हें सुखाचें. वाचणाऱ्या मनुष्याला नव्हे.

संगणकाच्या भाषांत लॅम्डा आला तो १९६० च्या सुमारास. जॉन मॅकार्थी यांनीं त्या वर्षींच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत 'लिस्प' भाषेचें वर्णन केलें, आणि अनामिक फलनासाठीं चर्च यांचा लॅम्डा शब्दशः घेतला. पुढील पिढींत अनामिक फलनांचा वापर इतका वाढला कीं, 'क्ष घे आणि' हे तीन शब्दहि लिहिणारांस जड वाटूं लागले. ज्या कसरतीनें ठिपक्यापासून लॅम्डापर्यंत वाट चालली होती, तीच आतां उलट दिशेनें सुरू झाली. रिकामी जागा परत आली.

लोझान येथील अध्यापक मार्टिन ओडर्स्की यांनीं रचलेली 'स्काला' ही भाषा २००४ सालीं लोकांपुढें आली. तिच्यांत '_ + १' या लेखनाचा अर्थ 'क्ष घे आणि क्ष + १ दे' असा होतो. '_ + _' याचा अर्थ काय? नवखा वाचक म्हणेल, संख्येची दुप्पट. तसें नाहीं. स्कालांत प्रत्येक रेघ ही स्वतंत्र जागा आहे: पहिलींत पहिली राशि, दुसरींत दुसरी. म्हणून '_ + _' हें दोन राशींची बेरीज करणारें फलन, आणि '_ × _' हें गुणाकार करणारें. वर्ग करणारें नव्हे. छापील अर्जांतील दोन कोऱ्या रेघा दोन निरनिराळ्या उत्तरांची वाट पाहतात, तसेंच हें. अभेदाचा प्रश्न स्कालानें असा निकालांत काढिला आहे कीं, कोणतीहि जागा कोणाशींहि सम नाहीं. एकच राशि दोनदां हवी असेल, तर तिला नांव द्यावें लागतें. २००७ सालीं रिच हिकी यांनीं प्रसिद्ध केलेल्या 'क्लोझर' भाषेंत रिकाम्या जागेसाठीं शतमानाचें चिन्ह आहे, आणि तेथें निर्णय नेमका उलट: तें चिन्ह कितीहि वेळां आलें तरी राशि एकच, दुसरी राशि हवी असल्यास चिन्हापुढें २ लिहावा लागतो. चिन्हांची जोडी दोन्हीं भाषांत सारखीच दिसते; एकींत गुणाकार, दुसरींत वर्ग. दोन्हीं निर्णय सुसंगत आहेत. पण जागेच्या स्वरूपांत असें कांहींच नाहीं, ज्यावरून वाचकानें यांतला कोणता तें ओळखावें. तो करार पाठच करावा लागतो.

व्याप्तीच्या बाबतींत तर स्कालाची रेघ टोपीच्याच वाटेनें जाते. तिचा नियम असा कीं, रेघेला आपल्या पोटांत सामावून घेणारें जें सर्वांत लहान पूर्ण पद, तेवढेंच फलन. कंसांत लिहिलेली राशि हें एक पूर्ण पद धरलें जातें. त्यामुळें 'दुप्पट(_)' हें संख्येची दुप्पट करणारें फलन होतें. आणि 'वर्ग(दुप्पट(_))' हें लिहिणाराच्या मनांत 'क्ष घे, त्याची दुप्पट कर, तिचा वर्ग दे' असें असलें, तरी भाषा तें 'वर्गाच्या हातीं दुप्पट करणारें फलनच द्या' असें वाचते. आणि वर्ग हा संख्येचा व्हावयाचा, फलनाचा नव्हे, म्हणून लेखन नाकारते. '(_ + १) × २' याचीहि तीच गत: एक मिळविणारें फलन कंसांतच पुरें होतें, आणि फलनाला दोहोंनीं गुणितां येत नाहीं.

चूक नाकारली गेली तर नुकसान थोडें. पण जेथें दोन्हीं अर्थ कायदेशीर ठरतात, तेथें चूक निमूटपणें आंत शिरते. समजा, १ आणि २ या दोन संख्यांच्या यादीवर एक दोन वाक्यांचा नियम चालवावयाचा आहे: प्रथम 'नमस्कार' असा शब्द छापावा, मग संख्येंत एक मिळवून द्यावा. 'क्ष घे, नमस्कार छाप, क्ष + १ दे' असें लिहिल्यास नमस्कार दोनदां छापला जातो, कारण छापण्याची आज्ञा फलनाच्या पोटांत आहे. आतां नांव गाळून 'नमस्कार छाप. _ + १' असें लिहावें. यादी दोन्हीं वेळां २ आणि ३ अशीच निघते. पण नमस्कार मात्र एकदांच छापला जातो! कारण रेघेचें राज्य तिच्या लहानशा पदापुरतें. छापण्याची आज्ञा त्या राज्याबाहेर राहिली, आणि फलन तयार होण्यापूर्वींच एकदां पाळली गेली. उत्तर बरोबर असल्यामुळें हा फरक लक्षांत येण्यास वेळ लागतो. नमस्काराच्या जागीं हिशेबाच्या वहींत नोंद करण्याची आज्ञा असती, तर दोन व्यवहारांची नोंद एकच झाली असती.

इतर भाषांनीं या प्रश्नाभोंवतीं निरनिराळीं कुंपणें घातलीं आहेत. 'मॅथेमॅटिका' या प्रणालींत फलनाच्या शेवटीं एक विशिष्ट चिन्ह घालून हद्द उघडपणें दाखवितात. क्लोझरमध्यें हद्दीसाठीं कंस आहे, आणि अशा एका फलनाच्या पोटांत त्याच रीतीनें दुसरें लिहिण्यास बंदी आहे. जागा कोणत्या फलनाची हा वादच उद्भवूं नये म्हणून. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'हॅस्केल' भाषेनें, जिला करी यांचेंच नांव आहे, रेघहि गाळून '(+ १)' एवढेंच ठेविलें. पण '(– १)' लिहिलें, तर तें 'एक वजा करणें' न होतां 'ऋण एक' ही संख्या होतें, आणि वजाबाकीसाठीं निराळा शब्द घ्यावा लागतो. पूर्वींच्या 'ग्रूव्ही'पासून आणि पुढें २०१६ सालीं पूर्णत्वास आलेल्या 'कॉटलिन' भाषेंत रिकाम्या जागेला 'इट' हें इंग्रजी सर्वनामच दिलें आहे. फलनांत फलन आलें म्हणजे आंतलें 'इट' बाहेरच्याला झांकून टाकितें, आणि बाहेरच्या राशीविषयीं बोलावयाचें झाल्यास तिला नांव द्यावें लागतें.

सर्वनामाची ही उपमा मला फार मार्मिक वाटते. 'रामरावांनीं गोविंदरावांस सांगितलें कीं, त्यांचा भाऊ आला आहे', या वाक्यांत भाऊ कोणाचा? 'त्यांचा' हा शब्द रिकाम्या जागेसारखाच आहे: तो जवळच्याशीं बांधावयाचा कीं दूरच्याशीं, हें वाक्याच्या बाहेरून ठरतें. पण मराठीनें आपल्यापाशीं आणखीहि साधनें राखून ठेविलीं आहेत. 'प्रत्येकानें आपापलें पुस्तक आणावें' यांत 'आपापलें' हा शब्द जागा एकच असून ती प्रत्येकासाठीं निराळी भरावयाची, हें एका पदांत सांगतो. आणि 'जो आधीं येईल त्याला आधीं द्यावें' या वाक्यांत 'जो' हा शब्द लॅम्डाचेंच काम करितो: एका कोणा तरी व्यक्तीची घोषणा करितो, आणि पुढचा 'तो' तिच्याशींच बांधला जातो. भास्कराचार्यांचें 'यावत्तावत्' याच घराण्यांतलें. ज्या भाषेनें 'जो' आणि 'तो' अशी जोडी ठेविली, तिनें घोषणा आणि निर्देश यांतला भेद व्याकरणांतच बसविला आहे. वाक्य आंखूड असेल तर आपण 'जो' गाळतों. लांबलें कीं तो परत आणितों.

या सर्व इतिहासावरून जो निर्णय निघतो, तो रिकाम्या जागेच्या विरुद्ध नाहीं. जेथें जागा एक, तिचा उल्लेख एकदांच, आणि तिच्याभोंवतीं दुसरा कंस नाहीं, तेथें नांव देणें हें निव्वळ ओझें आहे. '_ + १' यांत क्ष आणून कांहींहि स्पष्ट होत नाहीं. पण ज्या क्षणीं जागा दोन होतात, किंवा जागेभोंवतीं दुसरें पद उभें राहतें, त्या क्षणीं अभेद आणि व्याप्ति हे दोन प्रश्न जागे होतात. रिकामी जागा त्यांना स्वतः उत्तर देऊं शकत नाहीं. तें उत्तर भाषेच्या नियमग्रंथांत किंवा वाचणाराच्या स्मरणांत शोधावें लागतें. म्हणजे लिहिणारानें जे दोन शब्द वांचविले, त्यांचें कर्ज वाचणारावर चढतें. संगणकाच्या आज्ञाहि केवळ यंत्रासाठीं लिहिलेल्या नसतात. लिहिणारा नोकरी सोडून जातो, आणि त्याच्या पश्चात् दुसरा कोणी तरी त्या वाचून, समजून, दुरुस्त करीत असतो. पेढ्यांचे हिशेब आणि रुग्णालयांच्या नोंदी आज अशा आज्ञांच्या स्वाधीन आहेत. लेखकाच्या क्षणभराच्या सोयीचा भार त्या अपरिचित वाचकावर किती टाकावा, हा प्रश्न केवळ शास्त्राचा नव्हे, सौजन्याचाहि आहे.

बख्शालीच्या गणितकारापाशीं ठिपक्यावांचून दुसरें साधन नव्हतें. म्हणून त्यानें उदाहरण शब्दांत सविस्तर लिहिलें, आणि मांडणींतली उणीव शब्दांनीं भरून काढिली. आपल्यापाशीं आज ठिपकाहि आहे आणि वर्णहि आहेत. दोहोंपैकीं कोणता केव्हां घ्यावा, हें ठरवितांना आपलें लेखन उद्यां जो वाचील त्याचें स्मरण ठेवावें, एवढीच अपेक्षा या इतिहासावरून करितां येईल.